राख आली की वाजणारा रूळ

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. पुरता रूळही नाही म्हणा, रुळाचा हातभर तुकडा. नमस्कार करायला मला हात नाहीत, बसायला मांडी नाही. पण पोटात एक नाद आहे, आणि तो देणाऱ्याने दिलेला आहे. त्याच्याच भरवशावर माझी कहाणी सांगायला बसलोय. बसलोय म्हणजे तरी काय, लोंबतोय.

माझा जन्म भट्टीत झाला. लाल होऊन वितळलो, साच्यातून निघालो, लाटणाऱ्या यंत्राखाली चेपला गेलो. तेव्हा वाटायचं, एवढे चटके कशाला? आता उमगतं. घडवणारा उगाच घाव घालत नाही. ज्याला घाव बसतो त्यालाच पुढे आवाज फुटतो. आम्ही पुष्कळ भाऊबंद होतो. कुणी पुलावर गेला, कुणी बंदरात गेला, एकजण म्हणे वितळून देवाच्या दारची घंटा झाला. त्याचं भाग्य थोर. माझ्या नशिबी आला वीजघराचा कोळसा.

वीजघराच्या आवारात जाणारी आगगाडीची एक आडवाट होती, तिच्यावर मला आडवं घातलं. कोळशाने भरलेले डबे माझ्या अंगावरून जायचे आणि रिकामे होऊन परत यायचे. सगळ्यांचं ओझं वाहायचं आणि स्वतः तसूभरही हलायचं नाही, हा माझा धर्म. वर्षानुवर्षं तो पाळला. मग डबे मोठे झाले, ओझं वाढलं, आणि आमच्या जागी जाडजूड नवे रूळ आले. मला गॅसच्या ज्योतीने कापलं. बाकीचे तुकडे कुठे गेले ते देवाला ठाऊक. हा एक तुकडा मात्र साखळीला बांधून वीजघराशेजारच्या गावातल्या चौकात खांबाला टांगला. आग लागली तर ठोकून लोकांना बोलवायचं, अशी योजना होती.

देवाच्या कृपेने आग काही लागली नाही. त्यामुळे पहिली काही वर्षं माझ्याकडे एकच काम होतं. पोरांनी लोंबकळायचं आणि मी झुलायचं.

आता ते गाव कसं होतं ते सांगतो. गाव कसलं, कंपनीने मांडलेला खेळच. एकसारखी घरं, एकसारखी निळी दारं. रात्रपाळीहून आलेला माणूस झोपेच्या तारेत शेजारच्या घरात शिरायचा आणि शेजारीण म्हणायची, "अहो, तुमचं ते पुढचं. आलाच आहात तर चहा घेऊन जा." कंपनीचं पाणी, कंपनीची शाळा, कंपनीचा दवाखाना. घरांच्या मधोमध एक मोकळं मैदान, त्याच्या अर्ध्या भागात कपडे वाळत घालायच्या तारा आणि अर्ध्या भागात पोरांचा खेळ. आणि या सगळ्यावर मान उंच करून उभी वीजघराची धुराडी.

गावातल्या बायका वीजघराला 'मामंजी' म्हणायच्या. का? तर सासरा घरात कर्ता, त्याच्याच जिवावर चूल पेटते, म्हणून त्याच्याविषयी वाकडं बोलायची सोय नाही. धुराड्यातून काळा धूर निघाला की बायका म्हणायच्या, "मामंजींनी चिलीम पेटवली बरं." हसायच्या आणि कामाला लागायच्या. वाकडं बोलल्याचं पाप नाही आणि बोलल्याशिवाय राहवत नाही, अशी ती युक्ती.

माझ्या अगदी शेजारी पत्र्याची एक टपरी होती. तिथे इस्त्रीवाली मावशी उभी असायची. अंगाने आडवी, आवाजाने उभी. हातात कोळशाची जड इस्त्री आणि ओठांवर सदैव देवाचं गाणं. गाणं थांबलं की समजायचं, मावशी आता कुणाला तरी बोलणार. पाहुणेघराच्या चादरी, दवाखान्यातले झगे, टेकाडावरच्या बंगल्यातले मोठ्या साहेबांचे सदरे, सगळं तीच धुवायची आणि तीच इस्त्री करायची.

दर दुपारी वीजघरात बॉयलरच्या नळ्यांवर साचलेली काजळी वाफेच्या झोताने झाडून काढायचे. ती झाडलोट धुराड्यातून बाहेर पडायची. वारा पलीकडे असला तर माळावर जायची. पण वारा गावाकडे फिरला की करडी राख भुरभुरत यायची, न आवाज करता. एके दुपारी मावशीच्या चादरी तारेवर होत्या आणि वारा फिरला. तिने वर पाहिलं, चादरींकडे पाहिलं, बाकीच्या घरांचे वाळत घातलेले कपडे पाहिले. एकटीने हाका मारून किती मारणार? कोळसा फोडायचा हातोडा उचलला आणि तिने मला एक दिली ठेवून.

ठण्ण्.

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं की माझ्यात काय आहे. मैदान ओलांडून, शाळेची भिंत ओलांडून, पार पलीकडच्या रांगेपर्यंत मी पोचलो. दारं उघडली. आग लागली असं समजून बायका धावत आल्या. मावशी म्हणाली, "आग नाही. राख येतेय. कपडे उचला."

तेव्हापासून तो गावाचा शिरस्ताच झाला. टपरीवर एक काठी, काठीला एक चिंधी. दुपारची झाडलोट सुरू झाली आणि चिंधी शाळेच्या बाजूला फडफडू लागली की मावशी माझ्यावर टोल द्यायची. टोल पडला की कपडे आत. बायका अशा तरबेज झाल्या की टोलाचा नाद हवेत विरायच्या आत तारा रिकाम्या. चिमटे तोंडात, चादरी खांद्यावर, सदरे काखेत. नवी लग्न होऊन आलेली मुलगी पहिल्या टोलाला गोंधळायची, दुसऱ्याला शिकायची. पाहुणेघरातले पाहुणे म्हणायचे, "वीजघराजवळ राहून इतक्या शुभ्र चादरी?" मावशीचा ऊर भरून यायचा. माझाही. कुणीतरी मला तांबडा रंग दिला. मान मिळाला की लोखंडसुद्धा फुगतं, मग माणसाचं काय सांगावं.

माझ्या समोरच्या घरात एक फिटर राहायचा. वीजघराच्या धुरात उडणारी राख पकडायला एक मोठं यंत्र असतं. गावात त्याला 'गाळणी' म्हणायचे. हा फिटर त्या गाळणीवर कामाला. शांत, मान खाली घालून चालणारा. त्याची बायको हसरी. आणि त्यांना बऱ्याच वर्षांनी झालेली एकुलती मुलगी. ती जागेवर म्हणून कधी ठरायची नाही, तेव्हा तिचं नाव पडलं भिंगरी.

भिंगरीचा माझ्यावर फार जीव. शाळेतून येताना मला एक टिचकी मारायची आणि कान लावून ऐकायची. टिचकीने मी कितीसा वाजणार? पण ती म्हणायची, "मावशी, हा बोलला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, भूक लागली."

"त्याला की तुला?" म्हणत मावशी डबा पुढे करायची.

शाळा माझ्या पाठीमागेच होती. सकाळी प्रार्थना व्हायची ती मला सगळी ऐकू यायची. तिच्यात एक लांबलचक ओळ होती: 'जिथे जिथे उजेड आहे तिथे तिथे तुझे पाऊल, आणि जिथे अंधार आहे तिथे आम्हां तुझा हात.' ही ओळ एका दमात म्हणायची अशी पोरांची आपसांत चढाओढ. भिंगरीचा आवाज सगळ्यांत वेगळा, पातळ आणि सरळ, जसा ताणलेल्या तारेचा. ती 'हात'पर्यंत सहज पोचायची. नाद कळणाऱ्याला नाद कळतो. मी रोज त्या ओळीची वाट पाहायचो.

मग एके दिवशी ती 'पाऊल'पाशी थांबली. खोकली. उरलेली ओळ इतरांनी पुरी केली. दुसऱ्या दिवशीही तेच. हळूहळू रोजच तेच झालं. बाकीची पोरं 'हाता'पर्यंत जायची आणि ही अंधाराच्या अलीकडेच राहायची.

आईला आधी वाटलं, पोरगी पाण्यात खेळते म्हणून. मग वाटलं, आंबट खाते म्हणून. काढे झाले, शेक झाले, दृष्ट काढून झाली. भिंगरी आता धावायची, पण मधेच माझ्या खांबाला धरून उभी राहायची आणि छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. शेवटी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई नव्याने आल्या होत्या. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि जे सांगितलं ते आई घरी येऊन नवऱ्याला सांगत होती. दार उघडं होतं, मी सगळं ऐकलं.

"म्हणाल्या, हिला राखेपासून लांब ठेवा. इथे राहिली तर दर वर्षी जास्त होईल."

"राख काय आजची आहे?" फिटर म्हणाला. "मी रोज तिच्यात उभा असतो. मला काही होतं का?" आणि एवढं बोलून तो खोकला.



"माझ्या ताईकडे पाठवू," आई म्हणाली. "तिकडे हवा चांगली आहे."

"किती दिवस?"

"इथली हवा बदलेपर्यंत."

"म्हणजे कायमची म्हण ना."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पडवीत एक लहान पेटी आली. आई दिवसभर काही ना काही तिच्यात ठेवायची आणि संध्याकाळी परत काढायची. पेटी भरतच नव्हती. आईच्या हाताने लेकीची पेटी भरणं हे रुळावरून डबे ओढण्याहून जड काम, हे मी त्या आठवड्यात पाहिलं. आता एवढंच राहिलं होतं, भिंगरी आपल्या घरात वाढणार की परक्या गावात.

आणि मग ती दुपार आली.

चिंधी फिरली, मावशीने टोल दिला, बायका धावल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत मैदानातल्या तारा रिकाम्या झाल्या. मावशी चादरींचा ढीग छातीशी धरून टपरीत आली. भिंगरी टपरीत मेजाखाली बसली होती, खेळता खेळता दम लागला म्हणून. तिने ढिगाकडे पाहिलं.

"मावशी, चादरींना पण खोकला येतो?"

"चादरींना कसला खोकला, वेडाबाई?"

"मग त्यांना का आत घेतलं?"

मावशी हसायला गेली आणि तिचं हसू तिथेच थांबलं. तिने मैदानाकडे मान वळवली. तारांवर एक रुमालसुद्धा नव्हता. आणि तारांच्या पलीकडे गावातली यच्चयावत पोरं खेळत होती. उड्या मारत होती, तोंडं उघडून ओरडत होती, आणि त्यांच्या केसांवर, पापण्यांवर, जिभांवर करडी राख उतरत होती.

इतकी वर्षं टोल पडत होता, मित्रांनो. इतकी वर्षं सगळं गाव धावत होतं. सगळे हुशार, सगळ्या मायाळू आया. पण पहिल्या दिवशी कपड्यांसाठी धावले म्हणून रोज कपड्यांसाठीच धावले. माणसाचं मन असं असतं बघा. एकदा वाट पडली की त्याच वाटेने जातं, मग बाजूला लेकरू उभं असलं तरी दिसत नाही.

भिंगरीची आई आपले कपडे काखेत घेऊन टपरीच्या दाराशी उभी होती. तिने लेकीचा प्रश्न ऐकला होता. तिच्या काखेतून एक सदरा खाली पडला, तो तिने उचलला नाही.

मावशीने चादरी मेजावर टाकल्या. त्या दिवशी ती गाणं म्हणाली नाही. आणि कुणाला बोललीही नाही.

दुसऱ्या दुपारी वारा तसाच फिरला. टोल पडला. बायका टोपल्या घेऊन आल्या तर मावशी तारांच्या पुढे हात पसरून उभी.

"कपडे राहू द्या. टोपल्या खाली ठेवा आणि पोरं उचला."

"आणि कपडे?"

"कपडे उद्या परत धुता येतात. पोरांची छाती उलटी करून धुता येते का?"

कारकुनाची बायको म्हणाली, "अगं, पण यांचा पांढरा सदरा आहे. उद्या बढतीची मुलाखत."

"मग नवऱ्यालाच वाळत घाल. पोर आत घे."

कुणी हसलं, कुणी चिडलं, पण भिंगरीची आई थेट मैदानात गेली आणि हाताला लागेल ते पोर उचलून घराकडे चालू लागली. आपलं कुठलं, परक्याचं कुठलं, पाहिलं नाही. मग दुसरी गेली. मग सगळ्याच. पोरांना वाटलं हा नवीन खेळ आहे. मैदान रिकामं झालं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कपडे तारेवर राहिले. त्यांच्यावर राख पडली, आणि ओल्या कपड्यावर पडलेली राख म्हणजे शाईच.

खरी गंमत तर पुढेच आहे. मावशीने त्या चादरी परत धुतल्या नाहीत. तशाच घेतल्या, पाणी मारलं, इस्त्री फिरवली. राख धाग्यात पक्की बसली. सुंदर घड्या घातल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवला, आणि पाहुणेघरात पाठवून दिल्या. मोठ्या साहेबांचे सदरेसुद्धा तसेच.

संध्याकाळी फिटर टपरीशी आला. इकडे तिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, हे तुम्ही माझ्या पोरीसाठी करताय, कळतं मला. पण उद्या विचारणा झाली तर माझं नाव पुढे येईल. मामंजींच्या घरात राहून मामंजींचीच उणीदुणी काढायची?"

"उणीदुणी कोण काढतंय?" मावशी म्हणाली. "सासऱ्याच्या तोंडाला काळं लागलं असेल तर आरसा दाखवायचा नाही का? तो काही अपमान नव्हे. तसंच बाहेर हिंडू देणं हा अपमान."

"नोकरी गेली तर?"

मावशीने इस्त्री खाली ठेवली. "बाबा, मी देवाचं नाव घेणारी बाई. कुणाचं वाईट चिंतत नाही. तुझं नाव मी घेणार नाही. चादर काय बोलायचं ते बोलेल."

फिटरने मागे वळून पाहिलं. समोर पडवीत त्याची भिंगरी पेटीवर बसून पाय हलवत होती. तो घरात गेला.

दोन दिवसांत मोठे साहेब स्वतः खाली चौकात आले. त्यांचा बंगला टेकाडावर; वारा तिकडे फारसा जात नाही, त्यामुळे राखेशी त्यांची ओळख कागदावरचीच. अंगात तोच सदरा होता, करड्या ठिपक्यांचा. चेहरा रागावलेला, पण आवाज सभ्य.

"मावशी, इतकी वर्षं तुमचं काम आरशासारखं. आता हे काय? पाहुण्यांना वाटलं चादरी छापील आहेत."

"साहेब, हात दोनच आहेत. चादरी उचलू की पोरं?"

"म्हणजे?"

मावशीने मान वर केली. काठीकडे पाहिलं. चिंधी शाळेकडे झुकत होती. तिने हातोडा उचलला आणि साहेबांच्या देखत मला टोल दिला. मित्रांनो, मी आयुष्यात कधी तसा वाजलो नव्हतो. सगळ्या दारांतून बायका आल्या, पोरं उचलली आणि गेल्या. सदरे तारेवर हलत राहिले. चौकात उरलो आम्ही तिघं: मावशी, साहेब आणि मी.

राख आली. साहेबांनी चष्मा पुसला. घातला. परत पुसला. खांद्यावरची राख झटकली तर ती हाताला लागली, हात विजारीला पुसला तर विजारीला लागली. मग त्यांना खोकला आला, आणि खोकता खोकता त्यांनी मैदानाकडे पाहिलं. एक लहानगी चप्पल तिथेच पडलेली होती, घाईत सुटलेली.

"हे रोज होतं?"

"वारा इकडे असला की."

"मला कुणी कधी सांगितलं नाही. एक तक्रार नाही."

फिटर पाळी संपवून चौकात येत होता. साहेबांना पाहून तो नेहमीसारखा मान खाली घालून निघून गेला असता. पण समोरच्या दारात बायको उभी होती, तिच्या कडेवर भिंगरी, तोंडावर ओला रुमाल धरलेली. तो थांबला.

"साहेब, तक्रार कुठून येणार?" तो म्हणाला. "तुमच्यापर्यंत पोचेतो सगळं पांढरंच असायचं." मग घसा साफ करून पुढे म्हणाला, "गाळणीचा एक भाग बंदच आहे. झाडलोटीच्या वेळेला बाकीच्या भागांना ओझं झेपत नाही. तुम्ही विचारलंत की मी 'चालतंय' म्हणत आलो."

मला वाटलं, आता साहेब बरसणार. मावशीने हातोडा घट्ट धरला, तो मारायला नव्हे, धीराला.

साहेबांनी पुन्हा चष्म्याची काच चोळली. "तू 'चालतंय' म्हणालास आणि मी ते ऐकून घेत आलो," ते म्हणाले. "तो भाग बंद आहे हे मलाही माहीत होतं. दुरुस्तीसाठी वीजघर बंद ठेवू तेव्हा करू, पुढच्या बंदीत करू, असं मीच म्हणत होतो." आणि मग दाराकडे पाहून, "तुझी मुलगी का?"

"हो."

"बरी नाही?"

"बायकोच्या बहिणीकडे पाठवतोय तिला. पेटी भरलीय."

साहेबांनी पडवीतल्या पेटीकडे पाहिलं. वाकून ती लहान चप्पल उचलली आणि माझ्या खांबापाशी नीट ठेवली. "थोडी कळ काढा," एवढंच म्हणाले, आणि टेकाडाची वाट न धरता वीजघराकडे चालू लागले.

देवावर माझी श्रद्धा आहे. पण देव कुणाच्या रूपाने येईल याचा नेम नसतो. कधी पोरीच्या प्रश्नाच्या रूपाने येतो, कधी मळक्या चादरीच्या.

गाळणी दुरुस्त करायला वीजघर बंद झालं. मामंजींनी चिलीम खाली ठेवली. गावात काही संध्याकाळी कंदील लागले आणि पोरांना फार मजा आली. फिटर आणि त्याचे सोबती दिवसरात्र गाळणीत उतरलेले, घरी यायचे ते डोळ्यांच्या पांढऱ्यावरून ओळखू यायचे. पेटी पडवीतच होती. आईने बहिणीला कळवलं होतं, "वीजघर सुरू झाल्यावर बघू."

ते सुरू झालं तो दिवस माझ्या अंगावर कोरलेला आहे. दुपार झाली. झाडलोट सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. आणि परीक्षाच घ्यायची म्हणून की काय, चिंधी बरोबर शाळेकडे वळली. सगळ्या बायका चौकात जमल्या होत्या. पोरं घरात. तारेवर एकच ओली, पांढरीशुभ्र चादर मावशीने मुद्दाम टाकलेली. साहेबही आले होते, एका बाजूला उभे होते.  मावशी पुटपुटत होती, तेवढं मला ऐकू आलं. ती देवाला म्हणत होती, "माझं काही मागणं नाही रे. पोरीचं तेवढं बघ."

वारा आला. चादर फुगली, खाली आली, पुन्हा फुगली. बराच वेळ गेला. मग भिंगरीची आई पुढे झाली आणि तिने चादरीवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात वर करून उन्हात धरला.

राख नव्हतीच असं मी म्हणणार नाही. खोटं बोललं की लोखंडाला गंज लवकर चढतो. होती. पण पूर्वी तळहात काळा व्हायचा, आता मीठ सांडावं तशी, इथे एक तिथे एक. आईने ती फुंकली. ती उडाली.

आई तशीच वळली. घरी गेली. आणि मग साऱ्या चौकाला एक आवाज ऐकू आला: पडवीच्या फरशीवरून लहान पेटी आत ओढत नेल्याचा खरखर आवाज. मित्रांनो, इतका बेसूर आणि इतका गोड आवाज मी दुसरा ऐकला नाही.

"म्हणजे मी जायचं नाही?" आतून भिंगरीने विचारलं.

"जायचं. बाहेर खेळायला जायचं. आणि टोल पडला की आत यायचं."

त्यानंतर सगळं एका दिवसात सोन्याचं झालं, असं नाही. वीजघरातली राख पाण्यात कालवून जिथे सोडतात त्या तळ्यावर उन्हाळ्यात धूळ उडायची, तिच्यावर पाणी मारायला लागले. कोळशाच्या डब्यांवर ताडपत्री आली. मैदानाच्या कडेला झाडं लावली, त्यांतली अर्धी पोरांनी जगवली आणि अर्धी शेळ्यांनी खाल्ली. मग परत लावली. वारा वाईट असेल त्या दुपारी मावशी टोल द्यायचीच, पण आता कपड्यांकडे कुणी पाहायचं नाही. डॉक्टरीणबाई भिंगरीच्या छातीला नळी लावायच्या आणि दर खेपेला थोड्या कमी वेळात उठायच्या.

आणि एका सकाळी, मी नेहमीसारखा ऐकत होतो. 'जिथे जिथे उजेड आहे तिथे तिथे तुझे पाऊल,' इथे पोचताच तिचा आवाज किंचित अडला. मी सवयीने वाट पाहिली की आता इतर पोरं पुढे नेतील. पण तो पातळ, सरळ आवाजच पुढे गेला, जरा थरथरत, अंधार ओलांडून, 'आम्हां तुझा हात' इथपर्यंत. टपरीत मावशीची इस्त्री थांबली होती. एका सदऱ्यावर इस्त्रीच्या आकाराचा पिवळा डाग पडला. तो मोठ्या साहेबांचा निघाला. त्यांनी काही विचारलं नाही.

आता मी म्हातारा झालो. टोल क्वचित पडतो. तांबडा रंग उडाला, साखळीला गंज चढला, पाखरं माझ्यावर बसून आपापले व्यवहार करतात. मधे नव्याने आलेला एक अधिकारी म्हणाला, हे लोखंड नुसतंच लोंबतंय, काढून टाका. मावशीच्या हातात आता इस्त्री नाही, काठी आहे. ती काठी टेकत चौकात आली आणि म्हणाली, "राहू दे रे बाबा. तो वाजत नाही हीच आमची कमाई आहे. आणि वाजायची वेळ आली, तर कुठे शोधशील त्याला?"

म्हणून मी आहे. मला उपेक्षेचं दुःख आहे का? थोडं आहे, खोटं कशाला सांगू. ज्याला नाद दिला त्याला वाजावंसं वाटतंच. पण माझ्या पाठीमागे रोज सकाळी ती लांब ओळ पोरं एका दमात म्हणतात, आणि त्यांना शिकवणारा आवाज आता मोठा झालेला आहे, पण पातळ आणि सरळ तसाच आहे. शाळेत शिरताना ती बाई अजूनही मला एक टिचकी मारते आणि कान लावते.

मित्रांनो, तुमच्या गावातही कुठेतरी एखादा टोल असेल. लोखंडाचाच असेल असं नाही. तो वाजला की धावा, जरूर धावा. पण धावताना क्षणभर आपल्या हातांकडे पाहा. हातांत चादर आहे की लेकरू, एवढं पाहून घ्या. बाकीचं मग तो वरचा बघतो.